कागदी लिंबाच्या पानांवर काळा थर आणि पांढरे पुंजके : नेमके काय फवारावे?

प्रश्न

नमस्कार. अंगणातील कागदी लिंबाच्या झाडाची जुनी पाने काजळी फासल्यासारखी काळी पडत असून हाताला ती चिकट लागतात. कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आहेत आणि खोडावरून मुंग्यांची रांग सतत ये-जा करते. शिवाय नव्या पालवीवर चंदेरी, नागमोडी रेषा उमटल्या आहेत. हा रोग समजून बुरशीनाशक फवारावे की कीटकनाशक? फळे घरात खाल्ली जात असल्याने तीव्र औषध टाळायचे आहे. शेजारच्या पेरूच्या पिकल्या फळांतही अळ्या निघतात. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

उत्तर १

काळा थर बुरशीचाच आहे, परंतु ती बुरशी पानाच्या आत शिरत नाही. पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि त्यातील जास्तीची साखर चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतो. तो द्रव खालच्या पानांवर सांडतो आणि त्यावर ही काजळी वाढते. पान ओल्या बोटाने चोळून पाहावे. थर निघून खाली निरोगी हिरवा रंग दिसला, तर निदान पक्के समजावे. अशा वेळी बुरशीनाशक फवारल्याने मूळ कारण जागच्या जागीच राहते.

माझ्या मते सुरुवात मुंग्यांपासून करावी. गोड द्रवाच्या बदल्यात त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. खोडाभोवती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर चिकट लेप लावावा. लेप थेट सालीवर लावू नये, कारण त्याने सालीला इजा होते. भिंतीला किंवा कुंपणाला टेकलेल्या फांद्या छाटल्या नाहीत, तर मुंग्या त्या वाटेने वर चढतात आणि पट्टीचा उपयोग होत नाही.

त्यानंतर दाट प्रादुर्भाव असलेले शेंडे कापून नष्ट करावेत आणि बाकीचे पुंजके पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावेत. तरीही कीड उरली, तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारावे. कपडे धुण्याची पावडर मुळीच वापरू नये, तिने पाने करपतात. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचे आवरण असते, त्यामुळे द्रावण प्रत्यक्ष त्याच्या अंगावर पडले पाहिजे. वरवर उडवलेल्या फवाऱ्याने फारसे साधत नाही. आधी एकाच फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहणे चांगले.

उत्तर २

वरील सल्ल्याला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. फवारणीपूर्वी ते पुंजके भिंगातून नीट पाहावेत, कारण त्यांत क्रिप्टोलिमस या ढालकिड्याच्या अळ्या असू शकतात. याही अळ्या पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेल्या असतात आणि अनेक जण त्यांनाच कीड समजून मारतात, याचे फार वाईट वाटते. ओळख मात्र कठीण नाही : पिठ्या ढेकूण साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा, चपटा आणि जवळजवळ स्थिर असतो, तर ही अळी पूर्ण वाढल्यावर एक सेंटिमीटरहून मोठी होते, तिचे तंतू लांब व विस्कटलेले असतात आणि काडीने डिवचल्यास ती चटकन चालू लागते. ती पिठ्या ढेकूण आणि त्याची अंडी खाते. अशी अळी दिसलेल्या फांदीवर काहीही फवारू नये.

उत्तर ३

चंदेरी रेषा नागअळीच्या आहेत. ही अळी पानाच्या पापुद्र्याखाली राहते, म्हणून वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. ती केवळ कोवळ्या पानांवर येते आणि मोठे झाड तेवढे नुकसान सहज सोसते. अशी पाने हिरवी असेपर्यंत तोडू नयेत आणि नत्रखताचा मारा टाळावा, कारण त्याने लुसलुशीत पालवी फुटत राहते.

पेरूचा प्रश्न वेगळा आहे. ती फळमाशी. मादी सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते आणि कोषावस्थेसाठी जमिनीत उतरते. म्हणून गळलेली फळे रोजच्या रोज वेचून घट्ट बंद पिशवीत उन्हात ठेवावीत किंवा खोल पुरावीत. उघड्या खतखड्ड्यात टाकू नयेत. मिथिल युजेनॉल या गंधद्रव्याचा सापळा केवळ नरांना ओढतो आणि फलित माद्या बाहेरूनही येतात, त्यामुळे एक-दोन झाडांसाठी फळे कच्ची असतानाच त्यांवर कागदी किंवा कापडी पिशव्या बांधणे अधिक खात्रीचे ठरते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. चोळल्यावर थर निघाला आणि खाली पान हिरवे आहे. एक फांदी कुंपणाला टेकलेली आढळली, ती छाटली. भिंगातून दोन फांद्यांवर विस्कटलेल्या तंतूंच्या, चालणाऱ्या अळ्याही दिसल्या. उरलेल्या फांद्यांवर निंबोळी तेल फवारले तर चालेल का?

उत्तर २

तूर्त नको. मुंग्या थांबल्या की या अळ्या स्वतःच पुढच्या फांद्यांवर पसरतील. पाण्याचा फवाराही त्या दोन फांद्या सोडूनच मारावा. दोन-तीन आठवड्यांनी नव्या शेंड्यांवर पुंजके वाढलेले दिसले, तरच तेवढ्या शेंड्यांपुरती फवारणी करावी.