स्टुटगार्टच्या शाळेत दोन आठवडे: कपडे, भेटी आणि एक तास, सल्ला हवा

खडूफळा
मुंबईत अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. शिक्षक आदानप्रदानातून नोव्हेंबरच्या मध्यात दोन आठवडे जर्मनीतल्या स्टुटगार्टला जायचंय. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, त्या ओळखीतून हे जुळलं. तिकीट संस्था काढणार, राहायची सोय तिथल्या एका शिक्षिकेच्या घरी. थंडीचे कपडे आणि भेटवस्तू मिळून माझ्याकडे 15,000 रुपये आहेत, वर एक रुपया नाही. कपडे काय घेऊ? भेट काय नेऊ? आणि सहावीच्या वर्गावर मला 45 मिनिटांचा एक तास दिलाय, विषय माझ्यावर सोडलाय. त्या बाई मार्चमध्ये आमच्याकडे येणार आहेत, त्यामुळे हा तास नीटच व्हायला हवा.

रानवारा
ताई, अभिनंदन! जॅकेटमध्ये काटकसर करू नका. मी टोरांटोला जाताना पिसांचं जॅकेट 16,000 ला घेतलं, उणे वीसमध्येही आत घाम येत होता. सोबत चांगले बूट, तेही सहा-सात हजारांच्या खाली बघूच नका.

पासपोर्टवाला
कपड्यांचं नंतर. आधी व्हिसा. शेंगेनची, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत. यजमान शाळेच्या पत्रात तारखा आणि राहण्याचा पत्ता स्पष्ट लिहून घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

सोलापूरचा_मास्तर
व्हिसाच्याही आधी ना हरकत प्रमाणपत्र! माझी फाईल एका कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि दौरा निघून गेला. शिक्षकाला बाहेर पाठवायचं म्हटलं की सगळ्यांना आक्षेप सुचतात. पत्र द्याल तेव्हा आवक क्रमांक घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

मेलबर्नची_मावशी
बाळा, त्या बाईंसाठी पैठणी ने. मी माझ्या शेजारणीला दिली होती, तिने फ्रेम करून भिंतीवर लावली. मुलांसाठी पेढे आणि शेंगदाण्याची चिक्की. आपली मिठाई खाल्ली की माणूस आपलं होतं.

नेकारकाठ
मी स्टुटगार्टलाच राहतो, मुलगी इथे सहावीत आहे. मावशी, रागावू नका, पण पेढे आणू नका. युरोपियन संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, त्यात तूपही आलं. कस्टम्समध्ये सापडलं की काढून घेतात. चिक्की वर्गात वाटूच नका, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल असतंच. पैठणीचंही तेच. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना महागडी भेट घेता येत नाही, त्या बाईंनाच अवघड होईल.

थंडीबद्दल: नोव्हेंबरात इथे दिवसा साधारण सात-आठ, रात्री दोन-तीन अंश. कॅनडाचं जॅकेट इथे नको, कारण शाळेत आणि घरात हीटर असतो. थर्मलचे दोन जोड, एक स्वेटर, वरून पाऊस-वारा अडवणारं काहीतरी आणि पाणी आत न येणारे बूट. पाऊस बारीक असतो, पण दिवसभर. शाळा पावणेआठच्या सुमारास भरते, त्या महिन्यात सूर्य साडेसातला उगवतो, म्हणजे घरातून अंधारातच निघायचं. घरात शिरताना बूट दारातच काढतात, मोजे धड असू द्या.

रानवारा
रात्री दोन अंश म्हणजे थंडीच झाली की. जॅकेट घ्याच, आयुष्यभर पुरतं.

वारलीवाडी
तासाला लेझीम! भाषा लागत नाही, मुलं उठून नाचतात. किंवा वारली चित्रं, फक्त त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा. माझ्या भाचीने फ्रान्समध्ये केलं होतं, वर्तमानपत्रात फोटो आला.

पासपोर्टवाला
वारलीला माझंही मत. फी 90 युरो हे विसरू नका.

नेकारकाठ
फोटोचं बरं निघालं. पालकांच्या लेखी संमतीशिवाय वर्गातल्या मुलांचे फोटो काढू नका, आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकणं तर दूरच. इथे हे फार काटेकोर पाळतात.

मेलबर्नची_मावशी
मग पैठणीची छोटी पर्स तरी ने.

खडूफळा
नेकारकाठ, फार मदत झाली. मी गणितच घेतलं तर? सहावीला इंग्रजी कितपत कळतं?

नेकारकाठ
बेताचंच. वाक्यं छोटी ठेवा, जास्त फळ्यावर करा. आणि लिहिण्याची पद्धत आधी बघून घ्या. इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. तुम्ही 1.250 लिहिलंत की मुलं एक हजार दोनशे पन्नास वाचणार. गुणाकाराला मधे टिंब, भागाकाराला विसर्गासारखी दोन टिंबं. इथला 1 डोक्याकडून लांब तिरपी रेघ घेऊन येतो, आपल्या डोळ्याला 7 वाटतो, म्हणून 7 ला मधे आडवी रेघ देतात. भागाकाराची मांडणी तर वेगळीच: 75 : 3 = 25 अशी एका ओळीत, वजाबाकी खाली उतरत जाते. मुलीची वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी गोंधळलो होतो.

आणि मुलं मधेच बोलतील, तुमचं खोडतील. तोंडी सहभागाचेही गुण असतात, उद्धटपणा समजू नका.

सोलापूरचा_मास्तर
आमच्याकडे बोलले तर वर्गशिस्त नाही म्हणून शेरा मिळतो.

वारलीवाडी
एवढ्या लांब जाऊन भागाकार? ताई, मुलांना आपली संस्कृती दाखवा.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते. ना हरकतीचा अर्ज आज दिला, आवक क्रमांक घेतला. जॅकेट विकत घेत नाही, नणंदेचा मनालीला नेलेला कोट आहे, पैसे बूट आणि थर्मलला. भेट म्हणून आमसुलं आणि आमच्या आठवीच्या मुलांनी सोडवलेली भागाकाराची पानं, त्यांच्या अक्षरात.

आणि तास भागाकाराचाच. फळ्याच्या डाव्या बाजूला 3)75(25, उजवीकडे त्यांची मांडणी, दोन्हीकडे तीच वजाबाकी कुठे लपलीये ते मुलांनी शोधायचं. मग अवघड उदाहरण, दोन गट, पद्धती अदलाबदल करून. वारलीवाडी, गणित हीसुद्धा आमच्या वर्गातली गोष्टच आहे आणि मला तीच सगळ्यात चांगली येते. मार्चमध्ये त्या बाई आमच्या आठवीवर उभ्या राहतील तेव्हा त्यांनी उलट बाजूने हाच तास घ्यावा, असं पत्रात लिहिलंय.

नेकारकाठ, एकच राहिलं: तिथे खडू असतो ना, की सोबत आणू?