परदेशी पदकांनंतरचा पहिला कॉलेज हंगाम: भाच्याने यंदा खेळावे की थांबावे?

गादीबाहेरचा मामा

नमस्कार. माझा भाचा अमेरिकेतच जन्मला आणि वाढला. सतरा वर्षांखालील गटात परदेशातील फ्रीस्टाइल कुस्तीच्या (ऑलिंपिकमध्ये असते त्या प्रकारच्या) स्पर्धांमधून तो पदके घेऊन आला आहे. हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत तर तो क्वचितच हरला. यंदा ऑगस्टमध्ये त्याने डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतील, एका कॉलेजात प्रवेश घेतला. नोव्हेंबरात एका खुल्या स्पर्धेत तो कॉलेजचे नाव न लावता स्वतंत्रपणे उतरला, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. तिथे जे पाहिले ते मनातून जात नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

समोरचा पैलवान तेवीस वर्षांचा असेल आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याच्या नावावर एकही आंतरराष्ट्रीय पदक नव्हते. पहिल्या तीन मिनिटांत भाच्याने सुरेख एकेरी पट काढून तीन गुण घेतले. समोरचा सुटून उभा राहिला आणि त्याला एक गुण मिळाला. दुसऱ्या फेरीत भाच्याने खालची बाजू निवडली, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन सुरुवात केली, आणि पुढची पूर्ण दोन मिनिटे तो खालीच राहिला. वरच्याने पायात पाय अडकवला, भाचा पोटावर सपाट पसरला आणि मान वळवून पंचाकडे पाहत राहिला. पंच काही उठवेना. तिसऱ्या फेरीत समोरचा खालून झटक्यात सुटला, त्याने भाच्याला एकदा खाली आणले, मग भाचा कसाबसा सुटला, आणि शेवटी रायडिंग टाइमचा, म्हणजे जास्त वेळ वर ताबा ठेवल्याचा, एक गुण जोडला गेल्यावर गुणफलक ४-६ असा झाला. परतताना गाडीत तो एवढेच म्हणाला, "मामा, तिथे उठवतच नाहीत."

प्रशिक्षकांनी निर्णय त्याच्यावर सोपवला आहे. यंदा रेडशर्ट घेऊन, म्हणजे संघातून न उतरता खेळण्याचे एक वर्ष राखून ठेवून, फक्त सराव करायचा, की संघातून उतरायचे? माझ्या बहिणीला वाटते की पदके मिळवलेल्या मुलाला बसवून ठेवले तर त्याचा धीर खचेल. मला उलट भीती वाटते, की तो रोज असा खाली अडकत राहिला तर त्याची खेळाची गोडीच जाईल. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

एकेरी पट

मामा, नमस्कार. मी एका साध्या संघातून चार हंगाम खेळलो आहे आणि पुढे काही वर्षे सराव-हॉलमध्ये मदतनीस होतो. आपण पाहिलेले दृश्य मी निदान दहा मुलांच्या बाबतीत पाहिले असेल. भाच्यात काही कमी आहे असे कृपया समजू नका. तो पोटावर पसरला आणि पंचाकडे पाहू लागला, कारण ज्या खेळात त्याने पदके मिळवली त्या खेळात तेच बरोबर आहे.

फ्रीस्टाइलमध्ये खाली गेलेल्याचे काम एकच असते, ते म्हणजे फिरू न देणे. पोट गादीला चिकटवायचे, हात पसरायचे आणि कंबरेची मिठी बसू द्यायची नाही. वरच्याला थोड्या सेकंदांत काही जमले नाही तर पंच दोघांना उभे करतो. फोकस्टाइलमध्ये, म्हणजे अमेरिकेतील शाळा-कॉलेजांच्या कुस्तीप्रकारात, नुसता ताबा ठेवण्यालाही मोल आहे. दोघांच्या वर राहण्याच्या वेळेतील फरक एक मिनिट किंवा त्याहून जास्त झाला की एक गुण मिळतो. खालच्याला सुटायचे असेल तर त्याला स्वतःच उठावे लागते, आणि जो सपाट झाला तो उठू शकत नाही. म्हणजे तीच सवय इथे नेमकी उलटी पडते. वरून खेळतानाही तसेच होते. कंबरेला दोन्ही हातांची कडी घालून गरागरा फिरवण्याचा जो डाव बाहेर दोन-दोन गुण देत जातो, तो इथे चालत नाही. खालचा गादीवर असताना त्याच्या धडाभोवती हातांची कडी घातली तर गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

आता आपण विचाराल की हायस्कूलमध्येही फोकस्टाइलच असते, मग हे आधी कसे कळले नाही? याचे उत्तर फार थोडे लोक देतात. इतका चांगला मुलगा हायस्कूलमध्ये खाली जातच नाही. त्याला कोणी पाडत नाही. दुसऱ्या फेरीत खालची बाजू घेतली तरी समोरचा एवढा कच्चा असतो की नुसत्या ताकदीने तो उभा राहतो. खालून उठण्याची त्याची परीक्षा कधी झालीच नाही. हिवाळा संपला की तो लगेच फ्रीस्टाइलकडे वळतो, एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तेच खेळतो, आणि तिथे उठायला शिकण्याची गरजच पडत नाही. मग नोव्हेंबरात बावीस-तेवीस वर्षांचा, पाच वर्षे हेच एक काम केलेला माणूस त्याच्या पाठीवर बसतो.

मोठमोठ्यांनाही कॉलेजने हिसका दाखवला आहे. गेबल स्टीव्हसन २०१५ आणि २०१६ चा कॅडेट (लहान वयोगटाचा) विश्वविजेता आणि २०१७ चा ज्युनिअर विश्वविजेता होता. मिनेसोटा विद्यापीठाकडून पहिल्या हंगामात, म्हणजे २०१९ मध्ये, तो एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पेन स्टेट विद्यापीठाच्या अँथनी कॅसारकडून एका गुणाने हरला आणि तिसरा आला. पुढे तो टोकियोत ऑलिंपिक विजेता झाला आणि २०२१ व २०२२ ची कॉलेज विजेतेपदेही त्याने घेतली. अनुभवी झाल्यावर सगळे सुरक्षित होते असेही नाही. स्पेन्सर ली तीन वेळा वयोगटातील विश्वविजेता आणि आयोवाकडून तीन वेळा कॉलेज विजेता होता. २०२३ च्या उपांत्य फेरीत परड्यूच्या मॅट रामोसने त्याला घड्याळात एक सेकंद उरलेला असताना चीत केले. त्याच लीने पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये ऑलिंपिक रौप्य मिळवले.

माझे मत विचाराल तर भाच्याने यंदा थांबावे. मात्र थांबणे म्हणजे बाकावर बसणे नव्हे. रोजच्या सरावात संघातील सर्वांत जड हाताच्या ज्येष्ठाला पाठीवर घेऊन वीस मिनिटे फक्त खालून सुरुवात करावी. पहिली हालचाल शिट्टीबरोबरच झाली पाहिजे: कंबर मागे, कोपरे अंगाला, वरच्याचा मनगटावरचा हात आधी सोडवायचा आणि मग उभे राहायचे. पहिले सहा आठवडे तो रोज हरेल. हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो आपल्या पदकांवरच शंका घेऊ लागेल.

वजनकाटा

वरच्या प्रतिसादातील तांत्रिक भाग अगदी अचूक आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. थांबावेच असा सरसकट सल्ला देता येत नाही, कारण उलट उदाहरणेही तितकीच ठळक आहेत.

मार्क हॉल ज्युनिअर विश्वविजेता म्हणून पेन स्टेटला आला. प्रशिक्षकांनी मध्येच, जानेवारी २०१७ मध्ये, त्याचा रेडशर्ट काढून त्याला संघात उतरवले आणि त्याच मार्चमध्ये तो कॉलेज विजेता झाला. वर उल्लेख केलेला लीसुद्धा पहिल्या वर्षी जानेवारीतच उतरला आणि २०१८ मध्ये जिंकला. त्याचे बलस्थान नेमके वरून खेळण्याचे होते. मनगट धरून पाठ गादीकडे झुकवण्यात तो इतका वाकबगार होता की फोकस्टाइल त्याला अडचण न वाटता उलट सोयीची वाटली असावी. म्हणून आधी हे पाहावे की मुलाचे गुण कुठून येतात. ज्याचे सगळे गुण उभ्याने पट काढून येतात, त्याला कॉलेजला वेळ द्यावा लागतो. जो गादीवरही गुण मिळवतो, त्याला थांबवून ठेवण्यात अर्थ नाही.

काइल स्नायडरचे उदाहरण तर या प्रश्नासाठीच घडले असावे. २०१३ चा हा ज्युनिअर विश्वविजेता ओहायो स्टेटकडून पहिल्याच हंगामात २०१५ च्या अंतिम फेरीत पोहोचला आणि तिथे आयोवा स्टेटच्या कायव्हन गॅडसनने त्याला चीत केले. सहा महिन्यांनी, त्याच सप्टेंबरात, लास वेगासमध्ये एकोणिसाव्या वर्षी तो वरिष्ठ गटाचा विश्वविजेता झाला. म्हणजे कॉलेजचे विजेतेपद हातून गेलेला मुलगा त्याच वर्षी साऱ्या जगात अव्वल ठरला. त्या पराभवाने त्याचे काही बिघडले नाही. उलट त्या हंगामाने त्याला घडवले, असे मी मानतो.

त्याच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्याबद्दल आपण विचारलेले नाही: वजन. कॉलेजचे दहा गट पौंडांत आहेत आणि ते आंतरराष्ट्रीय गटांशी जुळत नाहीत. ९७ किलो म्हणजे सुमारे २१४ पौंड, आणि कॉलेजमध्ये १९७ नंतर थेट २८५ चा गट येतो. म्हणून स्नायडर पुढे स्वतःपेक्षा बऱ्याच जड मल्लांशी खेळला आणि २०१६, २०१७ व २०१८ अशी तीन वर्षे जिंकला. भाच्याचा परदेशातील गट कोणत्या दोन कॉलेज गटांच्या मध्ये पडतो हे आधी तपासा. परदेशी स्पर्धेत दोन दिवस वजन सांभाळले की झाले. इथे नोव्हेंबर ते मार्च, जवळजवळ दर आठवड्याला काट्यावर उभे राहावे लागते, आणि दोन संघांच्या लढतीत वजन फक्त तासभर आधी होते. १९९७ च्या अखेरीस जेमतेम महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना मृत्यू पावले. त्यानंतरच शरीरातील पाण्याची तपासणी करून हंगामाआधी किमान वजन ठरवण्याचा नियम कडक झाला. तो नियम मुलांच्या जिवासाठी आहे. अठराव्या वर्षी अंग भरत असलेल्या मुलाला जुन्या पदकाच्या वजनात कोंबू नका. थांबण्याचे एकमेव कारण मला पटते ते हेच, की त्याला वरच्या गटात भरायला एक वर्ष हवे असेल.

लेकीची आई

मामा, आपला प्रश्न मुलाबद्दल आहे, तरी इथे वाचणाऱ्या मुलींच्या पालकांसाठी लिहिते. महिलांच्या कॉलेज कुस्तीत ही अडचण येतच नाही, कारण ती फ्रीस्टाइलच्याच नियमांनी खेळली जाते. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने महिलांच्या कुस्तीला आपल्या अजिंक्यपद स्पर्धांमध्ये स्थान दिले आणि पहिल्या स्पर्धेसाठी २०२६ हे वर्ष ठरवले. केनेडी ब्लेड्सने पॅरिसमध्ये ७६ किलो गटात ऑलिंपिक रौप्य मिळवले आणि ती आयोवाकडून कॉलेजातही खेळली. तिला उन्हाळ्याची सवय हिवाळ्यात मोडावी लागली नाही. माझी मुलगी हायस्कूलला फोकस्टाइल खेळते आणि तिची अडचण बरोबर उलटी आहे: सुटण्यासाठी ती गुडघ्यांवर उठते, आणि फ्रीस्टाइलमध्ये तेवढ्यातच कंबरेला मिठी बसून ती फिरवली जाते. आपल्या भाच्याचे दुःख मला म्हणूनच नीट समजते. अंगवळणी पडलेली गोष्ट चुकीची नसते, आणि तरीही ती सोडावी लागते, हे त्या वयात पटणे फार कठीण असते.

गादीबाहेरचा मामा

सर्वांचे मनापासून आभार. काल भाच्याशी बोललो. तो परदेशात ६५ किलोत खेळला होता आणि कॉलेज त्याला १४१ पौंडांत, म्हणजे जवळजवळ ६४ किलोत पाहते आहे. पण ऑगस्टपासून त्याचे अंग भरले आहे आणि आता त्याला १४९ सोयीचे वाटते. तिथे सध्या एक ज्येष्ठ पैलवान पक्का आहे. म्हणजे वजनाच्या अंगाने पाहिले तरी उत्तर थांबण्याकडेच झुकते. त्याचे बहुतेक गुण उभ्याने येतात, हेही त्याने स्वतःच कबूल केले. एकच शंका उरते: वर्षभर खालून उठण्याचाच सराव केला तर पुढच्या उन्हाळ्यात त्याची फ्रीस्टाइल बिघडणार नाही ना? वीस वर्षांखालील निवडीचे स्वप्न त्याने सोडलेले नाही.

एकेरी पट

वजनकाटा यांचा मुद्दा रास्त आहे. गुण कुठून येतात हे मी आधीच विचारायला हवे होते. आपल्या उत्तराने ते स्पष्ट झाले.

फ्रीस्टाइल बिघडण्याची भीती बाळगू नका. मार्चमध्ये कॉलेज स्पर्धा संपते आणि निवडीच्या स्पर्धा वसंतात असतात, तेव्हा मध्ये थोडे आठवडे मिळतात. पोटावर पसरण्याची जुनी सवय परत यायला तेवढे पुरतात, कारण ती त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेली आहे. बहुतेक मोठ्या कॉलेजांच्या जोडीला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र असते आणि तिथे पदवीनंतरचे, राष्ट्रीय संघातील मल्ल बाराही महिने फ्रीस्टाइलचा सराव करतात. त्यांच्यासोबत आठवड्यातून एखादे सत्र मिळेल का, हे त्याने प्रशिक्षकांना आताच विचारावे. मात्र हिवाळ्यात त्या सत्रातही फक्त उभ्याने खेळावे. दोन्ही प्रकारचे खाली राहणे एकाच आठवड्यात शिकायला गेला तर शिट्टी वाजल्यावर उठावे की पसरावे, हा विचार करण्यातच अर्धा सेकंद जाईल, आणि तेवढ्यात वरच्याचा पाय आत गेलेला असेल.

आणि तो १४९ मधील ज्येष्ठ पैलवान आहे ना, त्यालाच रोज पाठीवर घ्यायला सांगा.