लहान खोली, ८५ डीबीचे स्पीकर: परवडणारा स्टिरिओ ॲम्प कोणता घ्यावा?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. साडेसहा इंची वूफरची बुकशेल्फ स्पीकरची एक जोडी माझ्याकडे आली आहे. मागच्या पट्टीवर ६ ओहम आणि ८५ डीबी (२.८३ व्होल्ट, १ मीटर) असं छापलंय, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर ८५ डेसिबल आवाज. खोली साधारण १२ बाय १४ फूट, खुर्ची स्पीकरपासून अडीच मीटरवर. ऐकणं बहुतेक रात्री, घरातले झोपल्यावर. ख्याल, ठुमरी, थोडा पियानो. त्यामुळे आवाज बेताचाच असतो, सुटीच्या दुपारी मात्र मोकळेपणाने वाढवतो. फोन, टीव्ही आणि वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर एवढं जोडायचं आहे.

समोर तीन पर्याय आहेत. एक, तळहातावर मावेल असा क्लास डी (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून चालणारा) ॲम्प, खोक्यावर "३०० वॉट + ३०० वॉट". दोन, यामाहाचा ए-एस३०१, ८ ओहमला ६० वॉट. तीन, ओळखीतल्या एकांचा १९८०च्या दशकातला ॲम्प, ते अगदी नाममात्र किमतीत देतायत. नव्या दोघांत जो स्वस्त त्याचेच वॉट पाचपट, हे काही पटत नाही. माझ्या ऐकण्यात फरक नक्की कशाने पडेल?

सोल्डरगन

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. १ मीटरवर ८५ डीबी. अडीच मीटरवर बसलात तर मोकळ्या मैदानात ८ डीबी कमी झाले असते, पण बंद खोलीत भिंती थोडं परत देतात, ५ धरा. दोन स्पीकर वाजतात म्हणून ३ मिळवा. म्हणजे त्या २.८३ व्होल्टला, दर स्पीकरला साधारण १ वॉटमध्ये, तुमच्या खुर्चीत ८३ डीबी पोचतात. रात्री तुम्ही सरासरी ६५ ते ७० वर ऐकत असाल. त्याला वॉटचा विसावा भागही पुष्कळ झाला. तबल्याची थाप सरासरीच्या २० डीबी वर गेली तरी ५ वॉटच्या आसपास काम भागतं. दुपारी सरासरी ८० ठेवलीत आणि तिथून २० डीबीची उसळी धरली, तर ५० वॉट लागतील, आणि ते तुमच्यासाठी छत आहे. त्यापुढे वॉट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात. आवाज "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट. १९७८ साली आलेला नॅड कंपनीचा ३०२० ॲम्प कागदावर फक्त २० वॉटचा होता आणि कितीतरी घरांत त्याने वर्षानुवर्षं उत्तम संगीत ऐकवलं.

आता ३०० वॉटचं. खोक्यावरचा आकडा सोडा, सोबतच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर असेल तर गुणाकार १६० वॉट, आणि तोही दोन्ही चॅनेल (डावा-उजवा) मिळून. आत येतात १६०, तर बाहेर ६०० कुठून येणार? या ॲम्पमध्ये बहुतेक वेळा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप असते. चिप खरोखर चांगली आहे. पण तिच्या माहितीपत्रकातले ३०० च्या वरचे वॉट ४ ओहमला, ५० व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावर आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) चालवून घेऊन मोजलेले आहेत. १० टक्के म्हणजे लाटेचे शेंडे सपाट झालेले असतात, ते संगीत म्हणून कोणी ऐकत नाही. ३२ व्होल्टवर तुमच्या ६ ओहमला स्वच्छ असे ६०-७० वॉट मिळतील. म्हणजे पहिला आणि दुसरा पर्याय ताकदीत जवळपास सारखेच!

मला ज्याची खरी काळजी वाटते ती गोष्ट कोणत्याच खोक्यावर छापत नाहीत. तुम्ही ऐकता रात्री, म्हणजे व्हॉल्यूमचा खटका (फिरवायचा नॉब) घड्याळातल्या सात-आठच्या जागेवरच, अगदी सुरुवातीला, घुटमळणार. स्वस्त ॲम्पमधल्या दुहेरी पॉटचे (खटक्यामागच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) डावा-उजवा असे दोन ट्रॅक नेमके याच सुरुवातीच्या भागात एकमेकांशी जुळत नाहीत. डावा चॅनेल दोन-तीन डीबी मोठा, उजवा मागे. गायिका दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेली हवी, ती एका बाजूला सरकते. खटका जरा वर नेला की परत मध्ये येते. त्यात ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) जास्त असेल तर खटका केसभर फिरवला की आवाज एकदम वाढतो. म्हणून दुकानात ॲम्प मोठ्याने वाजवून पारखू नका. अगदी हळू आवाजात, मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावून, डोळे मिटून बसा. आवाज मध्येच राहतो का, तेवढं बघा. मग गाणं थांबवून ट्विटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) कान लावा. किंचित 'सस्स' चालेल, पण ती खुर्चीत ऐकू आली तर तो ॲम्प तुमच्या कामाचा नाही.

यासाठीच ए-एस३०१ चा लाउडनेसचा खटका मला मोलाचा वाटतो. आवाज कमी झाला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. साध्या लाउडनेस बटणाने सरसकट बेस फुगतो. यामाहाची पद्धत वेगळी. व्हॉल्यूम तुमच्या सर्वांत मोठ्या ऐकण्याइतका ठेवायचा आणि मग लाउडनेसचा खटका फिरवत आवाज खाली आणायचा. मधल्या पट्टीतला आवाज उतरतो, तंबोऱ्याचा खर्ज जागेवर राहतो. आणि व्हॉल्यूमचा खटका वरच राहिल्यामुळे ती डावी-उजवीची भानगडही टळते.

क्रॉसओव्हर

सोल्डरगनशी सहमत. क्लास डी घ्यायचा ठरलाच तर दोन गोष्टी.

या ॲम्पच्या शेवटी कॉइल आणि कॅपॅसिटरचा फिल्टर असतो. फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटमधून मागे नेलेला सिग्नल) त्या फिल्टरच्या आधीच घेतलेला असेल तर वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या इम्पिडन्सनुसार (ओहममधल्या विरोधानुसार, जो स्वरागणिक बदलतो) थोडा वरखाली होतो. एका स्पीकरवर ट्विटर टोचतो, दुसऱ्यावर मंद वाटतो. फिल्टरनंतर फीडबॅक घेणारे, म्हणजे 'पीएफएफबी'वाले ॲम्प आता परवडणाऱ्या गटातही मिळतात. तेच शोधा.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. यातल्या बहुतेकांचं आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे दोन्ही टर्मिनल ॲम्प चालवतो. काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे, तिथेही सिग्नल असतो. दोन्ही काळी टर्मिनल एकत्र जोडू नका, आणि कॉमन ग्राउंडचा (काळ्या तारा आतून एकत्र जोडलेला) स्पीकर निवडायचा डबा मध्ये घालू नका. ॲम्प जळू शकतो.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार! अडॅप्टर पाहिला, ३२ व्होल्ट ५ अँपिअरच निघाला. आता रेकॉर्ड प्लेअर आणि त्या जुन्या ॲम्पबद्दलही सांगाल का? जुन्याचं रूप फार देखणं आहे, मन तिकडे ओढ घेतंय.

सोल्डरगन

रेकॉर्ड प्लेअरच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईच्या डबीतून, साधारण ५ मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. चारशेपट फरक. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरची पट्टी उचललेली असते, ते उलटं करून घ्यावं लागतं. ही दोन्ही कामं फोनो स्टेज करते. ए-एस३०१ मध्ये ती आहे, छोट्या क्लास डीमध्ये सहसा नसते, म्हणजे तिचा वेगळा डबा घ्यावा लागेल आणि किमतीतला फरक तिथेच बराचसा भरून निघेल. प्लेअरच्या मागे फोनो/लाइन असा स्विच आहे का पाहा. असेल तर ॲम्पच्या फोनो सॉकेटला जोडताना तो 'फोनो'वरच हवा, नाहीतर आवाज दोनदा वाढून फाटतो. ग्राउंडची बारीक वायर ॲम्पच्या स्क्रूला बांधा, नाहीतर सतत घरघर.

जुन्या ॲम्पची ओढ मी समजू शकतो, त्या काळचे जड ट्रान्सफॉर्मर आणि धातूचे खटके आजही हाताला सुख देतात. पण मल्टिमीटर घेऊनच जा. आधी मागे व्होल्टेज सिलेक्टर तुमच्या वीजपुरवठ्याशी जुळतो का बघा. मग स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ॲम्प अर्धा तास चालू ठेवा आणि दोन्ही चॅनेलच्या टर्मिनलवर डीसी (एकदिश वीज) मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर दुरुस्तीचा खर्च धरून चाला. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर स्पीकर जोडूच नका, वूफरची कॉइल जाईल. त्यानंतर खटके फिरवून ऐका. खरखर क्लीनर मारून जाते, त्याचं भय नको. मात्र एक चॅनेल मध्येच बुडून जोराने वाजवल्यावर परत येत असेल तर बहुधा रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) खराब झालाय. आणि झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो.

तुमच्या जागी मी ए-एस३०१ घेईन. जुन्याची मोजणी स्वच्छ आली आणि हाताशी भरवशाचा दुरुस्तीवाला असेल, तरच तो.

क्रॉसओव्हर

टीव्ही यामाहाला ऑप्टिकल वायरने जोडाल तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ 'पीसीएम' (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा; तो ॲम्प डॉल्बी उलगडत नाही, त्यामुळे नाहीतर काहीच ऐकू येणार नाही. फोनसाठी छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लागेल, आत नाही. स्पीकरच्या वायरीवर उगाच पैसे घालू नका; चार-पाच मीटरला दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरते, फक्त दोन्हीकडे प्लस-मायनस सारखं ठेवा. एका बाजूला उलटं झालं तर खर्ज गायब होतो.

मंद्रसप्तक

रविवारी मल्टिमीटर घेऊन जुना ॲम्प बघायला जातोय. डीसीचे आकडे आले की दोन्ही चॅनेलचे इथे लिहितो.