शब्दचर्चा: ‘रोलिंग अपग्रेड’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक

आमच्याकडे तीन नोडच्या क्लस्टरवरचे (मिळून एकच सेवा देणाऱ्या तीन यंत्रांवरचे) सॉफ्टवेअर अपग्रेड आता अँसिबल या स्वयंचलनाच्या साधनाच्या प्लेबुकवर, म्हणजे कामांच्या लिखित यादीवर, सोपवले आहे आणि रात्रपाळीच्या सहकाऱ्यांसाठी त्याची कार्यपुस्तिका मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘रोलिंग अपग्रेड’साठी मी ‘आळीपाळीने अपग्रेड’ असे लिहिले. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की ‘आळीपाळीने’ म्हटले की पहिला, दुसरा, पुन्हा पहिला असा फेरा डोळ्यांपुढे येतो; येथे प्रत्येक नोडची वेळ एकदाच येते. शाळेत मात्र ‘आळीपाळीने वाचा’ याचा अर्थ आम्ही ‘एकेकाने वाचा’ असाच घेत होतो. अडलेले वाक्य असे आहे: ‘एक नोड रिकामा करावा, अपग्रेड करावा, तो कोरममध्ये परत आल्याची खात्री करावी आणि मगच पुढच्या नोडकडे वळावे.’ (‘कोरम’ म्हणजे निर्णय घेण्यास पुरेसे नोड हजर असणे.) या पद्धतीला एका शब्दात काय म्हणता येईल?

कोशप्रेमी

आपल्या सहकाऱ्यांची हरकत मला योग्य वाटते. दोघे भाऊ आळीपाळीने आईजवळ राहतात, तेव्हा तो फेरा चालूच राहतो. आपल्याला ‘क्रमवार’ हवा आहे. शिवाय ‘अपग्रेड’ तसाच ठेवण्याचे कारण दिसत नाही. ‘श्रेणीवर्धन’ हा रुळलेला शब्द असताना ‘क्रमवार श्रेणीवर्धन’ असे म्हटल्यास अर्थही नेमका राहील आणि भाषाही मराठी राहील.

सर्व्हररूम

‘श्रेणीवर्धन’ रुळलेला आहे हे खरे, पण तो दुसऱ्याच ठिकाणी रुळला आहे. ग्रामीण रुग्णालयाचे उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन होते. म्हणजे खाटा वाढतात, पदे वाढतात, दर्जा बदलतो. रात्री दोन वाजता कार्यपुस्तिका उघडणाऱ्या माणसाला त्या शब्दावरून मोठा सर्व्हर बसवायचा आहे असे वाटेल. तो रोज ‘अपग्रेड’ म्हणतो, तेच छापावे.

‘क्रमवार’बद्दल माझी हरकत अधिक गंभीर आहे. त्यातून क्रम कळतो, पण एकावर काम चालू असताना बाकीच्यांनी सेवा देत राहायचे आहे हे कळत नाही, आणि रोलिंगचा सगळा अर्थ तेवढाच आहे. अँसिबलला काहीही सांगितले नाही तर ते एका वेळी पाच यंत्रांपर्यंत तेच काम हाती घेते. क्लस्टर तीनच नोडचा असेल तर सेवा पुन्हा सुरू करण्याची पायरी तिन्ही नोडवर एकाच वेळी चालते, आणि ज्या उच्च उपलब्धतेसाठी तीन यंत्रे घेतली ती तेवढ्या वेळापुरती शून्य होते. म्हणून प्लेबुकमध्ये ‘सीरियल’ची, म्हणजे एका तुकडीत किती यंत्रे घ्यायची त्या संख्येची, किंमत १ ठेवावी लागते. तिचा दुसराही उपयोग आहे: तुकडी एकाच नोडची असल्यामुळे तो नोड फसला की संपूर्ण तुकडी फसली असे धरले जाते आणि प्लेबुक तिथेच थांबते. ‘एक झाल्याशिवाय दुसरा नाही’ हा अर्थ शब्दात आला पाहिजे.

पाटकरी

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, म्हणून एक शब्द सुचवतो: ‘शेजपाळी’. कालव्याच्या पाण्यासाठी महाराष्ट्रात ही पद्धत जुनी आहे. प्रत्येक शेतकऱ्याची पाळी ठरलेली असते. एकाचे दार बंद झाल्यावर लगतच्या शेताचे उघडते. माझ्या मते ‘शेजार’मधला शेज तोच हा. यात क्रम आहे, एका आवर्तनात प्रत्येकाला एकदाच संधी आहे आणि कालवा सतत वाहता आहे. विशेष म्हणजे शेजपाळीचा नियम शेवटाकडून मुखाकडे येण्याचा आहे. कालव्याच्या टोकाच्या शेताला पाणी आधी आणि मुखाजवळच्या शेताला नंतर.

विदासेविका

पाटकरी यांनी सांगितलेला शेवटचा नियम आमच्या कामाशी तंतोतंत जुळतो, म्हणून आनंद झाला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये किरकोळ आवृत्ती बदलताना आधी राखीव सर्व्हर अपग्रेड करतात आणि मुख्य सर्व्हर सर्वांत शेवटी, कारण नव्या आवृत्तीला जुन्या आवृत्तीच्या नोंदी वाचता येण्याची शक्यता अधिक असते, उलटे होण्याची कमी. राखीव सर्व्हर तयार झाल्यावर मुख्यपद त्यांच्यातल्या एकाकडे सोपवायचे आणि मग जुन्या मुख्य सर्व्हरला हात लावायचा. शब्दाने हा क्रम सुचवला तर ती जमेची बाजू आहे.

मात्र मुख्य आवृत्ती बदलताना, उदाहरणार्थ १५ वरून १६ वर जाताना, स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरच्या नोंदी जशाच्या तशा राखीव सर्व्हरकडे पाठवत राहणे) दोन आवृत्त्यांमध्ये चालतच नाही. तेथे नोडमागून नोड असा मार्ग उपलब्ध नसतो. लॉजिकल रेप्लिकेशनने (फक्त माहितीतले बदल पाठवून) शेजारी नवा क्लस्टर उभा करून काम त्याच्याकडे वळवावे लागते, किंवा सेवा थांबवावी लागते. कार्यपुस्तिकेत दोन्ही प्रकार ‘अपग्रेड’ या एकाच शीर्षकाखाली येणार असतील, तर वेगळ्या शब्दाची निकड तेथे अधिक आहे.

कोशप्रेमी

‘शेजपाळी’ सुंदर आहे, पण तो कालव्याचा शब्द आहे आणि शहरात वाढलेल्या वाचकाला तो नव्याने शिकावा लागेल. शिकायचाच असेल तर संस्कृत धातूंवरून घडवलेला शब्द का नको? त्या मूळ वाक्यातला ‘कोरम’ तर निश्चितच बदलावा. विधिमंडळापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत ‘गणपूर्ती’ सर्वांना ठाऊक आहे.

सभासद

गणपूर्ती ठाऊक आहे म्हणूनच ती येथे घातक आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा भरते आणि त्या सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. म्हणजे मराठी माणसाच्या अनुभवात गणपूर्तीचा अभाव ही थोडा वेळ थांबून पार करण्याची अडचण आहे. क्लस्टरने असे वागून चालेल का?

सर्व्हररूम

मुळीच चालणार नाही. पेसमेकर आणि कोरोसिंक या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या क्लस्टरमध्ये कोरम गेला की उरलेल्या नोडने सेवा थांबवायची, हेच सामान्य धोरण असते. संख्येचाही फरक आहे. महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि गणपूर्ती एक दशांशाची, म्हणजे २९ जणांची. बहुमत मात्र १४५ चे. क्लस्टरला हवे असते ते दुसरे. तीनपैकी दोन, पाचपैकी तीन, आणि चार असतील तरी तीनच. निम्म्याहून अधिक असल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, कारण जाळे मधोमध तुटले तर दोन्ही बाजू स्वतःला खरा क्लस्टर समजून एकाच डिस्कवर लिहू लागतील. म्हणून ‘बहुमत’ म्हणावे. ‘नोड बहुमतात परत आला’ हे रात्रपाळीच्या माणसाला लगेच कळेल.

तीन नोडपैकी एक अपग्रेडसाठी बाहेर असतो तेव्हा बहुमत राहते, पण आणखी एकही नोड गमावण्याची सोय राहत नाही. ती वेळ शक्य तितकी लहान ठेवणे हेच या स्वयंचलनाचे खरे काम आहे.

कोशप्रेमी

‘बहुमत’ म्हणजे मतांची मोजणी. ‘कोरम’ म्हणजे उपस्थिती. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ज्यांच्यापैकी’ असा आहे आणि तो इंग्लंडमधल्या न्यायाधिकाऱ्यांच्या नेमणूकपत्रांतून आला. ज्यांच्यापैकी अमुक जण हजर असलेच पाहिजेत, ती नावे त्यात असत. उपस्थितीचा अर्थ सोडणे मला पटत नाही.

विदासेविका

कोरोसिंकमध्ये प्रत्येक नोडला मतेच दिलेली असतात, त्यामुळे मतांचा अर्थ येथे परका नाही. माझी अडचण निराळी आहे. नोड आधी बाजूला न घेता कोणी त्यावर अपग्रेड सुरू केला, सेवा पुन्हा सुरू होण्यास वेळ लागला, तर बाकीचे दोन नोड त्याला मृत समजून फेन्सिंग करतात, म्हणजे त्याला सक्तीने क्लस्टरबाहेर काढतात, आणि अर्धवट बसवलेल्या पॅकेजांसह यंत्राची वीज जाते. या ‘फेन्सिंग’ला ‘कुंपण घालणे’ म्हटल्यास रक्षण केल्यासारखे वाटते.

पाटकरी

‘वाळीत टाकणे’ हा शब्द जवळचा आहे.

सभासद

तो कृपया वापरू नये. ज्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधात स्वतंत्र कायदा करावा लागला, तिचे नाव कार्यपुस्तिकेत रोजच्या कामाला देणे मला मान्य नाही.

सर्व्हररूम

तांत्रिकदृष्ट्याही तो चुकीचा आहे. वाळीत टाकलेला माणूस गावात राहतो, आपले काम करत राहतो. फेन्सिंगमध्ये तो नोड डिस्कवर एक अक्षरही लिहू शकणार नाही याची खात्री हवी असते, आणि ती मिळेपर्यंत पेसमेकर त्याची सेवा दुसरीकडे सुरू करत नाही. मराठीत हा भेद तयारच आहे: अपग्रेडसाठी आपण नोड ‘बंद करतो’, फेन्सिंगमध्ये बाकीचे नोड त्याला ‘बंद पाडतात’.

कोशप्रेमी

‘बंद पाडणे’ म्हटले की सभा उधळणे आणि कारखाना बंद पाडणे आठवते. त्यात काम चालू द्यायचे नाही असा हेतू आहे. येथे तर सेवा चालू राहावी म्हणून हे करायचे आहे. मी ‘विलग करणे’ सुचवतो.

विदासेविका

विलग केलेल्या नोडची वीज गेली की चालू आहे, हे ‘विलग’वरून कळत नाही, आणि रात्रपाळीला नेमके तेच कळणे आवश्यक आहे. माझा कल ‘बंद पाडणे’कडे आहे.