मदत हवी आहे: लायसन्स मिळालं, पण मैदानावर अडलं की विचारायचं कुणाला?

नमस्कार मंडळी,

मी ४ वर्षांपासून १२ ते १४ वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, हे संध्याकाळचं वेड. पहिल्या पायरीचं कोचिंग लायसन्स आहे. कोर्समध्ये पासिंगची ड्रिल्स, सरावाची आखणी वगैरे छान शिकवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मैदानात उभं राहिल्यावर जे प्रश्न पडतात, त्यातले निम्मे त्या वहीत सापडत नाहीत.

लिहायला बसलो ते गेल्या महिन्यातल्या एका प्रसंगामुळे. हेडरसाठी (बॉल डोक्याने मारायला) दोघं उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. एक रडत उठला, दुसरा गप्प. मी अर्थातच रडणाऱ्याकडे धावलो. गप्प होता त्याला पाणी दिलं, ५ मिनिटं बसवलं, "बरं वाटतंय ना?" विचारलं. "हो सर" म्हणाला, म्हणून परत खेळायला सोडलं. थोड्या वेळाने तो बॉल घेऊन आमच्याच गोलकडे निघाला. सगळे हसले. मीही हसलो. रात्री त्याच्या आईचा फोन आला: दोन उलट्या झाल्यात, दवाखान्यात निघालोय.

मुलगा आता ठणठणीत आहे. ते हसणं मात्र माझ्या मनातून जात नाही.

तर, अशा वेळी नेमकं काय करायचं हे कोचने कुठे शिकायचं? मैदानावर डॉक्टर नसतो, २२ मुलं आणि मी एकटा. पुढच्या पायरीचं लायसन्स केलं तर उपयोग होईल, की तिथेही फॉर्मेशनच (मैदानावर कुणी कुठे उभं राहायचं ते)? आणि विचारायला जरा लाज वाटते, पण ४ वर्षांत माझा सराव एकाही जाणत्या माणसाने पाहिलेला नाही. तुमचं काय चुकतंय हे तुम्हाला कुणी सांगतं का?

"गूगल करा" म्हणू नका, करून झालंय.

– एकटा_कोच

जुनी_शिट्टी: "हो सर" वर कधीच जाऊ नका. त्या वयाचं पोर बाहेर बसावं लागू नये म्हणून काहीही सांगेल. आमच्याकडे नियम सोपा आहे: डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. सामना फायनलचा का असेना. हा नियम पालकांना हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितला की वाद होतात.

टेप_आणि_बर्फ: फिजिओ आहे म्हणून थोडं सविस्तर. कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदूला धक्का बसतो तेव्हा, शुद्ध हरपतेच असं नाही, बहुतेक वेळा हरपत नाहीच. गप्प होणं, गोंधळणं, दिशा चुकणं हीच खूण असते. तुमचा मुलगा चुकीच्या गोलकडे गेला तेव्हा तो तेच सांगत होता. 'कन्कशन रिकग्निशन टूल' नावाचा छोटा तक्ता फुकट मिळतो, २०२३ ची सहावी आवृत्ती घ्या. डॉक्टर नसलेल्या माणसासाठीच तो बनवलाय. आत्ता कुठे आहोत, शेवटचा गोल कुणी केला असे प्रश्न त्यात आहेत. उत्तरं बरोबर आली म्हणजे कन्कशन नाही, असं मात्र समजू नका.

पुन्हा पुन्हा उलटी, मान दुखणं, फिट येणं, दोन-दोन दिसणं, हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, वाढत जाणारी डोकेदुखी यातलं एक जरी दिसलं तरी सरळ रुग्णवाहिका. मान दुखतेय म्हणाला तर उगाच हलवू नका.

नंतर पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही. मग आधी शाळा सुरळीत, त्यानंतर हळूहळू खेळ, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. अंगाला अंग भिडतं असा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

एकटा_कोच: हे ४ वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. प्रिंट काढली, फर्स्ट एडच्या पिशवीत ठेवली.

आडवा_पास: लायसन्सबद्दल. जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. युएफाचं (युरोपच्या फुटबॉल संघटनेचं) लायसन्ससुद्धा ३ वर्षांपुरतंच असतं, नूतनीकरणासाठी किमान १५ तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. १५ तास! आपण तेवढं एका महिन्यात ओरडतो. खरी वाढ तुमच्या तिसऱ्या प्रश्नात आहे. कुणाला तरी बोलवा, फुटबॉलवालाच हवा असं नाही. आणि "सराव कसा वाटला?" विचारू नका, "छान" ऐकाल. एकच काम द्या: कोणत्या मुलाशी मी किती वेळा बोललो ते मोज. माझं मोजलं तेव्हा कळलं, दोन मुलांशी मी तासभरात एक शब्दही बोललो नव्हतो.

जुनी_शिट्टी: +१. आणि त्या आईशी बोललात का? "माझी चूक झाली, आता हा नियम आहे" एवढं पुरतं. बहुतेक कोच तेवढंच टाळतात.

एकटा_कोच: काल बोललो. अवघड गेलं, पण त्या शांत होत्या. मुलगा डॉक्टरांनी सांगितल्यावर परत येईल. ओळखीच्या एक हॉकी कोच आहेत, त्या गुरुवारी येतायत. आधी एका सरावाचा व्हिडिओ मागितलाय. पाठवण्यापूर्वी स्वतः पाहायला बसलो. पहिली ११ मिनिटं फक्त मीच बोलतोय.