वादळाचा अंदाज खरंच उपयोगी पडतो का?

हर्णैकर: आमचे बाबा म्हणतात हवामान खातं दर वर्षी बोंबलतं आणि वादळ जातं गुजरातला, मग तीन-चार दिवसांचा धंदा बुडवून ट्रॉलर परत का आणायचा? डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं अंगावर. तुम्ही काय करता?

दर्यावर्दी: भाऊ परत आणायचाच. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ ला आलं तेव्हा मासेमारी बंदी लागायची होती, आमची होडी दोन दिवस आधी खाडीत आणून दोरखंड डबल बांधले म्हणून वाचली. ते वादळ पण गुजरातलाच लागलं, पण जाताना मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांचा बार्ज (सपाट जहाज) बुडाला, किती माणसं गेली. बाबांना सांग, अंदाजाच्या नकाशावरची वादळाच्या वाटेची नुसती रेघ बघू नका, तिच्या बाजूचा पसरट पट्टा बघा, वादळ त्यात कुठंही वळू शकतं.

सुपारीवाला: ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आदल्या दिवशी गाडी फिरवून सांगितलं म्हणून आई आणि आजी शाळेत गेल्या, दुपारी घराचे पत्रे उडून विहिरीत पडले होते. बाग मात्र नाही वाचली, सुपारी काय उचलून नेता येते? नवीन झाड धरायला सहा-सात वर्षं जातात हो. पण माणसं आहेत.

हर्णैकर: धन्यवाद दादा. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय, बाबांना आत्ताच वायरलेसवर बोलावतो.