बारा बिग ब्लाइंड उरल्यावर ब्लफ मारायचा तरी कधी?

सावंतवाडीकर
पुढच्या आठवड्यात पणजीला मांडवीतल्या बोटीवर पोकरची टूर्नामेंट खेळायची आहे. समजा ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी घालायचे सक्तीचे पैसे, १,०००-२,००० (मोठा तो बिग ब्लाइंड), त्याच बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने घालायचा अँटी २,०००, टेबलावर आठ जण आणि माझ्यासमोर २४,००० च्या चिप्स, म्हणजे माझा स्टॅक. वाट बघत बसावं तर दर फेरीला ५,००० जाणार. हलक्या पत्त्यांवर ऑल-इन जायचं, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावायच्या झाल्या तर कुठल्या जागेवरून, कुणावर आणि किती स्टॅक असेपर्यंत?

फोंडेकर
आधी हिशेब. बटनवर, म्हणजे ब्लाइंडवाल्यांच्या आधीच्या जागेवर, तुमच्यापर्यंत सगळे फोल्ड होत (पत्ते टाकत) आले, पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ५,००० आहेत आणि तुम्ही २४,००० ढकलले. कॉल झाल्यावर, म्हणजे कुणी तेवढेच पैसे घातल्यावर, तुमचे पत्ते कधीच जिंकत नाहीत असं धरलं, तर ८३ टक्के वेळा सगळे फोल्ड व्हायला हवेत. एवढं कोण होतंय? पण कॉल झाल्यावरही ३५ टक्के जिंकणारे पत्ते हातात असतील तर तोच आकडा ५५ टक्क्यांवर येतो. म्हणून बदाम ८-७ वर हूल देता येते, ७-२ वर नाही. एक्का-राजाविरुद्धसुद्धा एकाच रंगाचे ८-७ चाळीस टक्क्यांच्या आसपास जिंकतात.

आता जागा. बटनवरून मागे दोघेच उरतात, प्रत्येकजण चारात तीनदा फोल्ड झाला की काम भागलं. पहिल्या जागेवरून मागे सातजण असतात. प्रत्येकजण फक्त १० टक्के पत्त्यांवर कॉल करणारा धरला, तरी सगळे फोल्ड होण्याची शक्यता ४८ टक्क्यांवर येते. तिथून ब्लफ नकोच.

स्टॅकचं म्हणाल तर २४,००० वर बिग ब्लाइंडवाल्याला कॉल परवडायला जिंकण्याची ४३ टक्के शक्यता लागते, १०,००० वर ३५ आणि ६,००० वर जेमतेम २७. म्हणजे तीन ब्लाइंडांवर त्याने पत्ते न बघता कॉल केला तरी तो फारसा चुकत नाही. हूल द्यायची ती ८ ते १२ च्या पट्ट्यात. आणि लेव्हल (ब्लाइंड न वाढण्याचा ठरलेला वेळ) संपत आली असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा: एक फेरी गेली, ब्लाइंड १,५००-३,००० झाले, की तुमचे २४,००० सहा ब्लाइंडांवर आलेले असतात.

बटनवाला
वरचं सगळं बरोबर, पण खरी मलई रेजवर रेज मारण्यात, म्हणजे कुणी रक्कम वाढवली की त्यावर आणखी वाढवण्यात आहे, आणि ती १२ वर नाही, १५ ते २० ब्लाइंडांवर मिळते. बटनने ४,५०० केले, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये ३६,००० घेऊन बसलाय. ऑल-इन केलंत तर त्याला आणखी ३१,५०० घालावे लागतात, म्हणजे ४२ टक्के हवेत. बटनवरून निम्म्या पत्त्यांवर रेज करणाऱ्याकडे तेवढे नेहमी नसतात. तो फोल्ड झाला की ९,५०० तुमचे, स्टॅकच्या पाव हिश्शाहून थोडे जास्त. हेच १६,००० वर केलंत तर त्याला फक्त ३३ टक्के लागतात, मग तो काहीही घेऊन कॉल करतो.

पत्ते निवडताना एक्का-पंजा, एकाच रंगाचे. तुमच्या हातात एक्का असला की समोर दोन एक्के असण्याचे सहा प्रकार तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळा बारावर. रंग वेगळे असतील तर जपून: एक्क्याबरोबर पंजाहून मोठा पत्ता असलेल्याने कॉल केला की जिंकण्याची शक्यता जेमतेम पाव उरते. पहिल्या जागेवरून रेज करणाऱ्यावर मात्र हे करू नका, त्याच्याकडे बहुतेकदा खरंच काहीतरी असतं.

मिरामारचा_गुलाम
आकडे ठीक, माणूस बघा ना! री-एन्ट्री चालू असेपर्यंत लोक हलक्यावर कॉल करतात, गेलो तर पुन्हा पैसे भरू म्हणून. शनिवार-रविवारी सुट्टीवर आलेला, हातात बिअर, एक्का दिसला की कॉल करणारा पाहुणा बिग ब्लाइंडमध्ये असेल तर हूल विसरा, त्याच्यावर खरेच पत्ते लावा.

री-एन्ट्री बंद झाली आणि बबल, म्हणजे बक्षिसं सुरू होण्याच्या अगदी आधीची वेळ, जवळ आला की चित्र उलटतं. तेव्हा मधल्या स्टॅकवाल्यांवर ढकला, त्यांना बक्षिसाच्या उंबरठ्यावरून बाहेर पडायचं नसतं. ज्याच्याकडे डोंगर आहे त्याला तुमचे २४,००० म्हणजे चिल्लर, आणि ज्याच्याकडे दोन ब्लाइंड उरलेत तो तसाही कॉलच करणार. टेबलावर असे दोघे-तिघे शेवटच्या घटका मोजत असतील तर तुम्हीही थोडं दमानं घ्या, आधी त्यांना जाऊ द्या.

आणि तोंडाने "ऑल-इन" म्हणा. न बोलता एकच मोठी चिप टाकलीत तर तो कॉल धरला जातो, ब्लफ तिथेच संपला. मोठ्या चिप्स पुढे दिसतील अशा ठेवा. तुमच्याकडे किती आहेत हे समोरच्याला कळलंच नाही तर तो घाबरणार कशाला?

सावंतवाडीकर
धन्यवाद. बिग ब्लाइंडमध्ये सहाच ब्लाइंड उरलेत आणि बटनने रेज केलं, तर मग काहीच करता येत नाही का?

बटनवाला
एक डाव आहे. १२,००० पैकी २,००० आधीच घातलेत, त्याचे ४,५०० नुसते कॉल करा आणि फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) कुठलाही येवो, उरलेले ७,५०० पहिल्यांदा तुम्हीच ढकला. जोडी नसलेल्या पत्त्यांना फ्लॉपवर जोडी लागते ती साधारण तीनात एकदा. पॉट १२,००० चा असतो, कॉलसाठी त्याला २८ टक्के लागतात. फ्लॉप ९-८-३ चा असेल तर राणी-गुलामवाला कॉल करतो, सरळ सीक्वेन्सची आशा असते. राजा-चौका घेऊन बसलेला बऱ्याचदा टाकून देतो. तुम्ही आधी बोलणार असाल तरच हे चालतं. स्मॉल ब्लाइंडमधून करायला गेलात तर मागचा बिग ब्लाइंडवाला स्वस्तात आत येतो आणि सगळं फिसकटतं.